‘चित्र बघून कुणी सोडलंय का?’

सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या जबड्याचं चित्र छापून काय मिळवलं, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहज विचारला जातो की त्याला काही उत्तर असू शकतं हेच लोक विसरून गेलेत. टपरीच्या बाकड्यावर तो विचारला जातो, ऑफिसच्या जिन्याखाली झुरके मारताना विचारला जातो, आणि ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन जवळ आला की जरा शहाण्यासुरत्या भाषेत छापूनही येतो. ओढणारा ओढतोच, खाणारा खातोच. चित्र बघून कुणी सोडलंय का? विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. चार जण माना डोलावतात आणि विषय संपतो.

तो इतक्या स्वस्तात संपू नये म्हणून हा लेख. चित्रांनी चमत्कार घडवला, असा माझा दावा नाही. पण ‘चित्रं निरुपयोगी आहेत’ हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते पुराव्यापुढे टिकत नाही. आणि जिथे चित्रं खरोखरच हरलेली दिसतात, तिथे ती गिऱ्हाइकाच्या नजरेला पडूच दिलेली नाहीत, असं मला दिसतं.

ज्यांचा यात पैसा गुंतला आहे त्यांच्यापासूनच सुरुवात करू. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिसूचना काढली. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याला द्यायचा, त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. तोवर इशारा होता फक्त पुढच्या बाजूला, ४० टक्के जागेत. नवा नियम १ एप्रिल २०१५ ला लागू व्हायचा होता. तो वर्षभर रखडला आणि १ एप्रिल २०१६ ला लागू झाला. त्याबरोबर देशातल्या बड्या सिगारेट कंपन्यांनी काय केलं? उत्पादन थांबवलं. दिवसाला ३५० कोटी रुपयांहून जास्त नुकसान होतंय, असं त्यांच्याच संघटनेनं, टोबॅको इन्स्टिट्यूट ऑफ इंडियानं, सांगितलं. मग ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत दावे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये ते सगळे एकत्र करून कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवले. डिसेंबर २०१७ मध्ये त्या न्यायालयानं ८५ टक्क्यांचा नियम रद्द केला आणि महिन्याच्या आत, ८ जानेवारी २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. ज्याच्याकडे कुणी बघतच नाही त्या चित्रासाठी एवढी वकिलांची फौज? खपाला धक्का लागणार नसेल तर व्यापारी माणूस एक दिवससुद्धा शटर खाली ओढत नाही.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे. एवढ्या मोठ्या चित्रामुळे गिऱ्हाईक चोरून आणलेल्या, चित्र नसलेल्या परदेशी सिगारेटकडे वळतं. सरकारचा महसूल बुडतो आणि तंबाखू पिकवणारा शेतकरी देशोधडीला लागतो. ठीक आहे, क्षणभर मान्य करू. गिऱ्हाईक चित्र नसलेलं पाकीट शोधत जातं म्हणजे चित्र त्याला खुपतं. खुपतं म्हणजे ते त्यानं पाहिलेलं आहे. मग ‘बघतोय कोण’ या युक्तिवादाचं काय झालं? परिणाम होत नसेल तर तस्करी चित्रामुळे वाढली म्हणता येत नाही. तस्करी चित्रामुळे वाढली म्हणायचं तर परिणाम होतो, हे कबूल करावं लागतं. दोन्ही दावे एकाच तोंडानं करता येणार नाहीत.

खरं तर चित्राची ताकद या धंद्याला कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रात तंबाखूची पुडी मागणारा माणूस कारखान्याचं नाव घेत नाही, चित्राचं घेतो. गायछाप द्या. हमाल असो, ऊसतोड कामगार असो, अक्षराशी कधी गाठ न पडलेली म्हातारी असो, पुडीवरची गाय ओळखायला शाळेत जावं लागत नाही. विड्यांच्या बंडलांवरही कुठे प्राणी, कुठे देव, कुठे खुद्द मालकाचा फोटो. निरक्षर गिऱ्हाइकाच्या हातात नेमका आपलाच माल पडावा म्हणून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या चित्रावर भरवसा ठेवला, त्यांनीच आता ‘चित्राकडे कोण लक्ष देतंय’ म्हणून खांदे उडवावेत! भांडण जागेचं आहे. २००३ च्या कायद्यानं, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, टीव्ही, वर्तमानपत्रं आणि रस्त्यावरचे फलक यांतून तंबाखूची जाहिरात हद्दपार केली. त्यानंतर हातात उरलं ते पाकीट. दिवसातून दहा-वीस वेळा खिशातून निघणारं, टेबलावर पडून राहणारं, चार मित्रांपुढे सरकवलं जाणारं. त्याचा ८५ टक्के भाग गेला की सोनेरी रेघा आणि राजमुद्रेसारखी चिन्हं मिरवायला १५ टक्के उरतो. हे दुखणं समजण्यासारखं आहे. फक्त त्याला ‘निरुपयोगी चित्राविरुद्धचा लढा’ असं नाव देऊ नये.

आता २०१५ चं ते वर्षभर रखडणं. हे नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या समितीचे अध्यक्ष होते आपल्या नगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूमुळे कॅन्सर होतो हे दाखवणारं भारतातलं सर्वेक्षणच नाही, आहेत ते सगळे अभ्यास परदेशातले, असं त्यांनी त्या मार्चमध्ये जाहीरपणे सांगितलं आणि नियम लांबणीवर पडला. समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ताही होते. त्यांचा विडीचा मोठा कारखाना. पुढच्या वर्षी समितीनं शिफारस केली की ८५ टक्के फार होतात, ५० करा.

‘भारतातलं संशोधन नाही’ हे वाक्य मराठी माणसानं उच्चारावं याचं मला जास्त वाईट वाटतं. १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक शोधनिबंध छापून आला. लेखक होते संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर. विषय होता तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरशी असलेला संबंध. काम मुंबईतलं, रुग्ण आपले, विडी आपली, तंबाखू-चुना आपला. पुढे नव्वदच्या दशकात मुंबईच्या मतदार याद्यांवरून सुमारे दीड लाख माणसं निवडून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. विडी ‘देशी’ म्हणून कमी घातक, हा समज त्या अभ्यासानं मोडीत काढला. विडी ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षा जास्तच निघाला. मुंबई ते नगर हे अंतर फार नाही.

नियम लागू व्हायचा होता त्याच दिवशी, १ एप्रिल २०१५ ला, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुनीता तोमर यांचा मृत्यू झाला. मध्य प्रदेशातल्या भिंडच्या, वय २८. तंबाखूविरोधी सरकारी जाहिरातीतून त्यांचा चेहरा देशभर माहीत झालेला होता. नियम पुढे ढकलल्याबद्दल त्यांनी मृत्यूपूर्वी पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं.

टीकाकारांना एक मुद्दा मात्र मोकळ्या मनानं देऊन टाकतो. आपली सुरुवातीची चित्रं खरोखरच कुचकामी होती. १९७५ च्या कायद्यानं सिगारेटच्या पाकिटावर आला तो ‘वैधानिक इशारा’, कोपऱ्यात बारीक अक्षरात. विडीला तो लागूच नव्हता. चित्रं आली ३१ मे २००९ ला. सिगारेट-विडीवर फुप्फुसं, आणि खायच्या तंबाखूवर चक्क विंचू! ज्या बाजारात गाय, वाघ, हत्ती हे मालाचे छाप म्हणून ओळखले जातात त्या बाजारात पुडीवर विंचू काढला तर गिऱ्हाईक काय समजेल? नवा माल आलाय, विंचूछाप. २०११ च्या अखेरीस चित्रं बदलली. त्यातल्या एका चित्रातला धूसर चेहरा इंग्लंडचा फुटबॉलपटू जॉन टेरी याच्याशी मिळताजुळता निघाला आणि फुप्फुसांऐवजी चर्चा त्याचीच झाली. ‘चित्रांनी काही होत नाही’ हे मत ज्यांनी त्या काळात बनवलं, त्यांना मी दोष देत नाही. पण विंचू जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आता मूळ प्रश्नाकडे. चित्र बघून कुणी सोडलंय का?

प्रश्नाची मांडणीच फसवी आहे. कोणताही माणूस एकाच कारणानं तंबाखू सोडत नाही. डॉक्टर दटावतो, नातू तोंडाचा वास येतो म्हणून मांडीवरून उतरतो, पाकिटाची किंमत वाढते, शेजारचा कुणी जबड्याचं ऑपरेशन करून घरी येतो. यातल्या कोणत्या कारणानं सोडली, असं विचारलं तर तो शेवटचं सांगेल. तेव्हा एकेका माणसाला विचारून भागत नाही. शेकडो माणसांचे दोन गट करून एकाला चित्र द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग मोजायचं. हे झालेलं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना आणि कॅलिफोर्निया या राज्यांत २,१४९ धूम्रपान करणाऱ्यांवर हा प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांच्या पाकिटांवर चित्रं चिकटवली, निम्म्यांच्या पाकिटांवर तिथला नेहमीचा शब्दांतला इशारा. चार आठवड्यांत चित्रवाल्या गटातल्या ४० टक्के लोकांनी सोडण्याचा प्रयत्न केला, शब्दवाल्यांतल्या ३४ टक्क्यांनी. महिना संपताना निदान आठवडाभर सिगारेटला हात न लावलेले पहिल्या गटात ५.७ टक्के, दुसऱ्यात ३.८.

एवढंच? असं कुणी म्हणेल. हो, एवढंच. शंभरात दोन. पण त्यासाठी ना गोळी लागली, ना समुपदेशक, ना सरकारी तिजोरीतून पैसा. छपाईचा खर्च कंपनीचा. शंभरात दोन हे प्रमाण ज्याला क्षुल्लक वाटतं त्यानं आपल्या देशात धूम्रपान करणारे जवळपास दहा कोटी आहेत, हे ध्यानात घ्यावं. अमेरिकेतला आकडा इथे जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण क्षुल्लक हा शब्द जपून वापरावा.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही लपवायचं कारण नाही. सॅन दिएगोमध्ये अशाच पण जास्त काळ चाललेल्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, चित्रांच्या पाकिटांमुळे सिगारेटबद्दलची आवड घटली, सोडण्याचे विचार वाढले, पण प्रत्यक्ष ओढणं कमी झालेलं दिसलं नाही. काही जण पाकीट लपवून ठेवू लागले. चित्रविरोधकांनी हा अभ्यास जरूर पुढे करावा. फक्त तो पुरा वाचावा. चारचौघांत पाकीट टेबलावर टाकायची लाज वाटू लागणं हाही परिणामच आहे, आणि कंपनीच्या दृष्टीनं तो फार वाईट परिणाम आहे, कारण कोवळ्या पोराला सिगारेटची पहिली ओळख होते ती कुणीतरी टेबलावर टाकलेल्या पाकिटातून.

भीतीचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो विचारी माणसं मांडतात. माणसाला घाबरवलं की तो बदलत नाही, तोंड फिरवतो. उलट हट्टाला पेटून जास्त ओढतो. मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला आधार आहे. पण पाकिटाच्या बाबतीत तसं घडतं का, हे बघणारी माणसं होती. जगात मोठी चित्रं सक्तीची करण्यात कॅनडा आघाडीवर होता, २००० च्या अखेरीस. त्यानंतर ऑन्टारियो प्रांतातल्या ६१६ धूम्रपान करणाऱ्यांना विचारलं गेलं. ४४ टक्के म्हणाले भीती वाटते, ५८ टक्के म्हणाले किळस येते. चित्रांमुळे कमी ओढतो असं म्हणणारे पाचातले एक. जास्त ओढतो म्हणणारे शंभरात एक. ज्यांना भीती आणि किळस जास्त वाटली त्यांनी तीन महिन्यांनंतर सोडण्याचे किंवा कमी करण्याचे प्रयत्न जास्त केलेले आढळले. ३० टक्के लोक चित्र टाळायचे, झाकायचे. पण टाळणारेसुद्धा त्याबद्दल विचार करण्यात किंवा सोडण्याचा प्रयत्न करण्यात इतरांपेक्षा मागे नव्हते.

टाळणाऱ्यांचा हा नमुना आपल्या टपरीवरही भेटतो. पाकीट उलटसुलट करून बघत ‘हा नको, दुसरा फोटो दे’ म्हणणारा. टपरीवाला कंटाळून दुसरं देतो, लोक हसतात. ज्या माणसाला चित्राचं काही वाटत नाही तो फोटो कशाला बदलून मागेल?

भीतीच्या मुद्द्यात खरं आहे ते इतकंच की नुसती भीती पुरत नाही, वाटही दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०१८ पासून आपल्या पाकिटांवर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापला जातो तो त्यासाठीच. पाकिटाचा आणि अशा क्रमांकाचा संबंध कसा असतो ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथे डिसेंबर २०१२ पासून सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची झाली, त्यावर मोठी चित्रं. न्यू साउथ वेल्समध्ये ‘सोडायला मदत करा’ म्हणून येणारे फोन तेव्हा ७८ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे या क्रमांकाची मराठी घराघरांत किती चर्चा झाली? ‘मुकेश’वर विनोद मात्र भरपूर झाले. भुसावळचा मुकेश हराणे २००९ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरनं गेला. त्याची तंबाखूविरोधी चित्रफीत थिएटरात लागली की पॉपकॉर्न चघळत हसणारं पब्लिक मी पाहिलंय. ते पब्लिक बेफिकीर आहे असं मला वाटत नाही. अंधारात अस्वस्थ झालेला माणूस बऱ्याचदा हसतो.

‘सगळ्यांना माहीतच आहे, मग सांगायचं कशाला?’ हा आणखी एक युक्तिवाद. भारताच्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ९२ टक्के लोकांनी धूम्रपानानं गंभीर आजार होतात असं सांगितलं, हे खरं. पण ‘आजार होतात’ हे माहीत असणं आणि कोणते होतात हे माहीत असणं यात फरक आहे. कॅनडाच्या पाकिटावर धूम्रपानानं नपुंसकत्व येऊ शकतं असा इशारा होता. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या पाकिटांवर तो नव्हता. चारही देशांतल्या लोकांना विचारल्यावर ही गोष्ट कॅनडावाल्यांना इतरांपेक्षा फार जास्त माहीत निघाली. म्हणजे पाकीट शिकवतं. आपलं पाकीट काय शिकवतं? गेली कित्येक वर्षं गाल, जबडा आणि गळा यांवरच्या गाठी. हृदयविकाराचा झटका नाही, अर्धांगवायू नाही, पायाचं गँगरीन नाही. त्यामुळे सिगारेट ओढणारा मध्यमवर्गीय म्हणतो, हे तंबाखू खाणाऱ्यांचं आहे, माझं नाही. हा दोष आहे आणि मोठा आहे. पण तो चित्रं काढून टाकून सुधारणार नाही, जास्त प्रकारची चित्रं आणून सुधारेल.

भारताच्या त्याच सर्वेक्षणातला एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. इशारा बघून सोडण्याचा विचार केला, असं म्हणणारे सिगारेटवाले २००९-१० मध्ये ३८ टक्के होते, २०१६-१७ मध्ये ६२. विडीवाले २९ वरून ५४. तंबाखू खाणारे ३४ वरून ४६. मधल्या काळात कर वाढले, गुटख्यावर बंदी आली, प्रचार वाढला, ते सगळं धरून. पण प्रश्न थेट पाकिटावरच्या इशाऱ्याबद्दलच होता. आणि नव्या सर्वेक्षणाचं काम ८५ टक्क्यांचा नियम लागू झाल्यावर काही महिन्यांत सुरू झालेलं होतं. ‘विचार काय, विचार आम्ही दर १ जानेवारीला करतो’ असं कुणी म्हणेल. करावाच. सोडणारा माणूस पहिल्या फटक्यात क्वचित सोडतो. चार वेळा सोडतो, चार वेळा पुन्हा धरतो, पाचव्यांदा जमतं. त्या चार फसलेल्या प्रयत्नांना निमित्त पुरवणं, एवढंच इशाऱ्याचं काम.

आणि तरीही आकड्यांत एक फट आहे. तंबाखू खाणाऱ्यांवर परिणाम सगळ्यात कमी. त्याचं कारण कळायला एखाद्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर तासभर उभं राहिलं तरी पुरे.

पाकिटं फळीवर ओळीनं उभी, तोंडं उघडी. गिऱ्हाईक दोन बोटं दाखवतं. टपरीवाला न बघता दोन सुट्या सिगारेटी काढून देतो. लायटर सुतळीनं खांबाला बांधलेला. पाकीट गिऱ्हाइकाच्या हाताला लागतच नाही. त्या दिवसात ते चित्र सगळ्यात जास्त वेळा बघितलं असेल तर टपरीवाल्यानं. शेजारी दुसरा माणूस तंबाखूची पुडी घेतो, दातानं कोपरा फाडतो आणि खिशातून दोन तोंडांची स्टीलची डबी काढतो. एका बाजूला चुना, दुसरी रिकामी. पुडी त्यात ओतली, झाकण दाबलं, कागद गटारात. पुढचे दोन दिवस तो त्या डबीतून चिमूट घेईल, तळहातावर मळेल, फटका मारून धूळ उडवेल, बार भरेल, आणि चित्र त्याच्या वाटेत कुठेही येणार नाही. तिसरा मावा घासून घेतोय. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात, वर रबर. त्यावर कसला इशारा आणि कसलं चित्र. आणि जी बाई घरी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करते, सकाळी दातांना लावते, ती या टपरीवर येतच नाही.

महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. २०१६-१७ चेच आकडे. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न बहुतांशी डबीतला, माव्यातला, मशेरीतला आहे, आणि त्यावरची चर्चा मात्र सिगारेटच्या पाकिटावरून चालते, कारण चर्चा करणारे सिगारेटवाले असतात. देशभरात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६८ टक्के सुटी सिगारेट घेतात, तंबाखू खाणारे निम्मे लोक सुटा माल. ज्या गिऱ्हाइकाला पाकीटच मिळालं नाही त्याच्यावर चित्राचा परिणाम झाला नाही म्हणून चित्राला नापास करायचं, ही कुठली परीक्षा?

सरकारला हे कळत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. कारणही हेच, की सुट्या कांडीबरोबर इशारा गिऱ्हाइकापर्यंत जात नाही. उत्तम निर्णय. तो आज कोणत्या टपरीवर पाळला जातो, हे कुणी मला दाखवावं. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन या दोघांकडेही माणसं कमी, हे मान्य. पण ‘चित्रं फसली’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी या बंदीच्या अंमलबजावणीसाठी कधी एक ओळ लिहिली आहे का? त्यांच्या टीकेचा रोख चित्रावर, सुट्या विक्रीवर शब्द नाही. चित्र हटवा असं म्हणणं सोपं आहे. पूर्ण पाकीट विकत घ्यायला लावा असं म्हणणं महाग पडतं, कारण मग आपल्यालाही एकदम वीस सिगारेटींचे पैसे मोजावे लागतात.

आणि बंदी राबवता येत नसेल तर दुसरा रस्ता कॅनडानं दाखवलेला आहे. २०२३ च्या नियमांनुसार तिथे प्रत्येक सिगारेटच्या कांडीवर, फिल्टरजवळच्या कागदावर इशारा छापावा लागतो. एकेका सिगारेटीचा व्यवहार जिथे एवढा चालतो तिथे, म्हणजे आपल्याकडे, त्याची गरज कॅनडापेक्षा किती तरी जास्त. त्या कागदावर ब्रँडचं नाव आजही छापलेलं असतंच, तेव्हा जागा नाही, यंत्र नाही, ही सबब चालणार नाही. टपरीवाला सुटी विको नाहीतर पाकीट विको, इशारा ओठापर्यंत जाईल. मावा आणि मशेरी यांना मात्र कांडी नाही नि पाकीटही नाही. माव्यासाठी टपरीवर नेमानं छापे घालावे लागतील आणि मशेरीसाठी आशाताईंना चुलीपर्यंत जावं लागेल. तिथे चित्राचं काम नाही, आणि तिथल्या अपयशाचा हिशेब कुणी चित्राच्या नावावर मांडू नये.